पानगळ आणि पालवी : आदिलाबादच्या फळझाडांचे वर्ष
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि भाषा या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकली. त्यांच्या पंक्तीत झाडांविषयी बोलावयास मी उभा राहिलो आहे, याचे काही जणांस नवल वाटेल. परंतु मराठीत ग्रंथाच्या पानाला आणि झाडाच्या पानाला शब्द एकच आहे. एवढ्या नात्याच्या आधारावर आपण मला घटकाभर सहन कराल, अशी आशा आहे. विषय आपल्या घरचाच आहे. आदिलाबाद शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत, आपल्या अंगणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला जी फळझाडे उभी आहेत, त्यांची पाने केव्हा गळतात, केव्हा फुटतात आणि त्यात कोणता क्रम असतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. शेवटी या ग्रंथालयाकडे एक मागणे मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे श्रोत्यांची फसवणूक झाली असे होणार नाही.

प्रथम आपल्या भूमीची थोडी ओळख करून घेऊ. पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला हा आपला मुलूख. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे २०१६ साली या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. माणसांनी सीमा अनेकदा हलविल्या, तरी नदीच्या दोन्ही तीरांवरची झाडे एकाच हवामानात वाढत राहिली. हे हवामान टोकाचे आहे. तेलंगणातील सर्वांत थंड ठिकाणांत हिवाळ्यात आपले नाव असते आणि वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाला जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात. येथल्या झाडांच्या पानांचे वेळापत्रक या आठ महिन्यांच्या हिशेबावर बसलेले आहे.

थंड देशांत पानगळ होते ती पुढे येणाऱ्या हिमाच्या धाकाने. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या आपल्या पिढ्यांच्या मनात पानगळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर असे चित्र बसले आहे. आपल्याकडे त्या दिवसांत रान हिरवेच असते. आपल्या परंपरेने पानगळीचा ऋतू म्हणून शिशिर सांगितला, म्हणजे माघ आणि फाल्गुन, आणि तो आपल्या रानाला बरोबर लागू पडतो. कारण येथे झाडाला भीती असते ती तहानेची. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे, पण त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी अखंड बाहेर जात असते. जमिनीतील ओल जसजशी खाली जाते, तसतसा हा खर्च परवडेनासा होतो. मग झाड पानाच्या देठाच्या तळाशी नाजूक पेशींचा एक थर तयार करते. याला वनस्पतिशास्त्रात विलगस्तर म्हणतात. पान सुटण्यापूर्वी त्यातील नत्राचा सुमारे निम्मा भाग आणि स्फुरदाचाही बराच अंश झाड फांदीत परत ओढून घेते. पिवळे पडलेले पान म्हणजे ऐवज काढून घेतलेली पेटी होय. ती वाऱ्याच्या एका झुळकेने खाली येते. पानगळ ही अशी झाडाने स्वतः पार पाडलेली, पूर्ण विचारांती केल्यासारखी क्रिया आहे.

येथवरचे गणित सोपे आहे. पाणी कमी झाले, पाने गळाली. यापुढे मात्र एक कोडे उभे राहते. पाणी संपल्यामुळे पाने टाकली, तर नवी पाने पाऊस पडल्यावरच यावयास हवीत. प्रत्यक्षात आपण काय पाहतो? चैत्र-वैशाखात, जमीन भेगाळलेली असताना, विहिरींनी तळ गाठलेला असताना, झाडे तांबूस कोवळ्या पालवीने भरून येतात. चैत्रपालवी हा शब्दच त्याची साक्ष आहे. या कोड्याला शास्त्रज्ञांनीही कोडेच म्हटले. इलियट, बेकर आणि बोर्खर्ट या तिघांनी २००६ साली लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच कोरड्या ऋतूतील पालवी हा आशियातील मोसमी वनांचा विरोधाभास असल्याचे म्हटले आहे. त्यांनी सुचविलेले उत्तर असे : खोल गेलेल्या मुळांना जमिनीच्या खालच्या थरांत अजून पाणी मिळत असते. जुनी पाने गळाल्यामुळे खर्च थांबतो आणि खोड-फांद्या पुन्हा पाण्याने भरतात. आता फुटावयाचे केव्हा, याचा इशारा वाढता दिवस देतो. आदिलाबादला हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस आणि उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस यांत दोन तासांहून थोडा अधिक फरक असतो. आपल्या ध्यानात न येणारी ही वाढ झाडाच्या कळीला कळते. बनारस हिंदू विद्यापीठातील कुशवाहा आणि सिंह यांनी विंध्य प्रदेशातील कोरड्या जंगलात केलेल्या अभ्यासातही पुष्कळशा जाती पावसाच्या आधी, उन्हाळ्यातच पालवतात, असे आढळले. एक झाड काही आठवडे निष्पर्ण राहते, तर दुसरे कित्येक महिने.

यात झाडाचा लाभ उघड आहे. पावसाचे दिवस मोजके आहेत. पहिली सर आली त्या दिवशी पाने तयार असतील, तर एकही दिवस वाया जात नाही. शिवाय पाऊस सुरू झाला की कोवळे पान खाणाऱ्या अळ्या-किड्यांचा सुळसुळाट होतो. त्यापूर्वीच पान निबर झालेले बरे. निसर्गाचा हा नियम मात्र सर्व झाडांना सारखा लागू नाही. प्रत्येकाने आपापली तोडगी काढली आहे, आणि खरी गंमत तेथेच आहे. काही ओळखीची झाडे पाहू.

सीताफळापासून आरंभ करतो. कार्तिकात फळे संपली की हे झाड हळूहळू पिवळे पडते आणि माघ-फाल्गुनात पूर्ण बोडके होते. काटक्यांची मोळी कोणी जमिनीत रोवून ठेवावी तसे ते दिसते. याच्या पानाचे देठ जवळून पाहावे. देठाचा तळ पोकळ असतो आणि पुढच्या वर्षीची कळी त्या पोकळीत झाकलेली असते. पान गळाल्याखेरीज कळीला फुटावयास वाटच नाही. पुढे चैत्र-वैशाखात त्या कळ्यांतून नवी पाने व त्यांच्यासवे हिरवट फुले येतात. सीताफळाच्या बाबतीत तरी पानगळ ही फळाची पहिली पायरी आहे, असे अक्षरशः म्हणता येते.

आंब्याला आपण सदाहरित म्हणतो. पण सदाहरित म्हणजे पाने न टाकणारे झाड नव्हे. आंब्याचे पान वर्षाहून अधिक काळ जगते आणि जुनी पाने गळण्याच्या सुमारास नवी आलेली असतात, म्हणून झाड कधी उघडे पडत नाही. आंबा एकदम सगळा पालवतही नाही. कधी पूर्वेची फांदी लाल, तर पश्चिमेची गर्द हिरवी, असे एकाच झाडावर दिसते. कोवळ्या पानांचा तो तांबडा रंग एका रंगद्रव्याचा असून हरितद्रव्य भरले की तो लोपतो. मोहोर मात्र निबर झालेल्या डहाळीवरच धरतो. ज्या फांदीने उशिरा पालवी काढली, ती त्या हिवाळ्यात बहुधा मोहोरत नाही. आंबा एक वर्षाआड भरघोस येतो, त्याचे एक कारण पान आणि फळ यांच्या या ओढाताणीत आहे. आणखी एक गोष्ट. गुढीपाडव्याला आपण आणि त्याच दिवशी उगादीला आपले तेलुगू शेजारी दाराला आंब्याचे तोरण बांधतो. त्या दिवसांतील नवी पालवी इतकी लुसलुशीत असते की ती दोऱ्यात ठरत नाही. म्हणून नव्या वर्षाचे तोरण गेल्या वर्षाच्या पानांचे असते.

चिंचेची गोष्ट याच्या शेजारची. हिवाळा सरता सरता तिची बारीक पाने पिवळा भुसा उधळावा तशी झडतात आणि गाभुळलेल्या चिंचा उरतात. चैत्रात नवी, पोपटी, आंबट पालवी येते. तेलुगू घरांत तिला चिंतचिगुरू म्हणतात आणि ती डाळीत घालतात. हा जिन्नस बाजारात दिसू लागला की ऋतू पालटला असे खुशाल समजावे. फळाइतकेच पान खाल्ले जाणारे असे फळझाड दुसरे चटकन आठवत नाही.

मोहाविषयी बोलल्याशिवाय आदिलाबादच्या झाडांचे वर्णन पुरे होणार नाही. केस्लापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. जत्रा उलगल्यानंतरच्या आठवड्यांत मोहाची पाने पिवळी पडू लागतात. फाल्गुन-चैत्रात उघड्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात आणि पहाटे मांसल, पांढुरकी फुले जमिनीवर टपटप पडतात. पाने आड येत नाहीत, म्हणून वेचणाऱ्याला झाडाखालची जमीन स्वच्छ मिळते. फुलांचा भर ओसरताना तांब्याच्या रंगाची पालवी येते. तेलुगूत या झाडाला इप्प म्हणतात. उटनूरकडील आदिवासी भगिनी अलीकडे त्याच्या फुलांचे लाडू करून विकतात. गोंड घरांत मोहाचे फूल हे कित्येक पिढ्या तंगीच्या दिवसांतील अन्न होते. त्या घरांना मोहाची पानगळ केव्हा सुरू झाली, हे माहीत असणे पोटाशी बांधलेले होते.

तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, तऱ्हा निराळी. याचे फळ गोड असते, पण बाजारात किंमत आहे ती पानाला. विडीचे पान ते हेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटतात, सुमारे दीड महिन्याने नव्या फुटव्यांवर मऊ, मोठी पाने येतात आणि वैशाखाच्या उन्हात ती तोडली जातात. हा हंगाम काही आठवड्यांचाच असतो. छाटणी लांबली किंवा अवकाळी गारपीट झाली, तर पान वाया जाते आणि त्याबरोबर घरची कमाईही. पानांचे वेळापत्रक ही केवळ हौशी निरीक्षकांची चैन आहे, असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी तेंदूच्या फडीवर एक सकाळ घालवावी.

आवळ्याची एक गंमत सांगतो. ज्याला आपण आवळ्याचे पान समजतो ती बारीक पानांची डहाळी असते, आणि गळताना ती डहाळीच गळते. वसंतात नव्या डहाळ्यांबरोबर फुले येतात, फळधारणाही होते, पण ते फळ सारा उन्हाळा जवळजवळ निद्रिस्त राहते. पाऊस आला की वाढू लागते आणि कार्तिकात आवळीभोजनाला हजर होते. बेलाचे उलटे आहे. त्याचे फळ पिकावयास जवळजवळ वर्ष घेते. पुढच्या उन्हाळ्यात झाडाची पाने गळाल्यावर निष्पर्ण फांद्यांवर पिवळसर बेलफळे लोंबताना दिसतात.

बोराने तर सर्वांशी फारकत घेतली आहे. इतर झाडे माघात उघडी पडतात तेव्हा बोर पानांनी आणि फळांनी लदलेली असते. संक्रांतीला लहान मुलांचे बोरन्हाण होते ते या बोरांच्या जोरावर. पुढे इतर झाडे पालवतात, तेव्हा भर उन्हाळ्यात बोर विरळ होते, झोपी जाते. पावसाची चाहूल लागली की मगच ती जोमाने फुटते. नव्या फांदीवरच तिला फूल येते, म्हणून जाणते बागवान तिची छाटणी उन्हाळ्यात, या झोपेतच उरकतात.

हा सारा क्रम ध्यानात ठेवावयाचा तर कोणत्या पंचांगाने? मघापासून मी माघ, फाल्गुन, चैत्र अशी नावे घेतली, पण चांद्रमास दरवर्षी सौरवर्षाच्या दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिकमास आला की पुन्हा पुढे येतात. झाड सूर्याचे ऐकते. म्हणून आपल्या शेतकऱ्याने पेरणीसाठी तिथी न धरता नक्षत्रे धरली. सूर्याचा रोहिणीत प्रवेश २५ मेच्या सुमारास आणि मृगात ७-८ जूनला, हे दरसाल जवळजवळ ठरलेले. रोहिणीचे ऊन मराठी शेतकरी जाणतो, तसाच रोहिणी कार्ते म्हणणारा तेलुगू शेतकरीही जाणतो. झाडांच्या नोंदीला हेच माप योग्य होय.

याच जाणकारीतून आपल्या बागाइतदारांनी एक कला सिद्ध केली. नदीपलीकडे विदर्भात संत्र्याच्या बागेला ठरावीक काळ पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने कोमेजतात, काही गळतात. मग पाणी सोडले की झाड फुलून येते. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार यांतील कोणता धरावयाचा, हे माणूस ठरवितो. डाळिंबाच्या बागेत तर पानगळ मुद्दाम घडवून आणतात. कोरड्या ऋतूने झाडाला जे शिकविले, तेच माणसाने झाडाकडून शिकून घेतले, असे यास म्हणावे.

आता शहराकडे वळतो. खेड्यात ज्या ज्ञानावर घर चालते, ते शहरात आपण फार लवकर विसरतो. फेब्रुवारीत अंगणात पाने पडू लागली की ती कचरा वाटतात. मार्चमध्ये झाड बोडके दिसले की ते वाळले असा निकाल दिला जातो आणि कुऱ्हाड येते. पावसाळ्यात हौसेने लावलेले सीताफळाचे किंवा आवळ्याचे रोप पहिल्याच उन्हाळ्यात पाने टाकते, मग त्याला पाणी घालणे बंद होते, आणि जे मेलेले नव्हते ते खरोखरच मरते. तेलंगणात २०१५ साली हरितहारम् योजना सुरू झाली आणि लक्षावधी रोपे लागली. रोप लावण्याइतकेच त्याचा पहिला उन्हाळा ओळखणे महत्त्वाचे आहे. परीक्षा सोपी आहे. नखाने सालीवर हलकेच ओरखडा काढावा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, त्याला थोडा अवधी द्यावा.

छाटणीचेही तसेच. नवी पालवी काढण्यासाठी झाड साठविलेले अन्न खर्च करते. ऐन पालवीत फांद्या तोडल्या तर तो खर्च बुडाला. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी, सीताफळाची ते निष्पर्ण असताना, फुटण्यापूर्वी करावी, बोराची उन्हाळ्यात करावी. गळालेली पाने जाळू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, पण नियम नसता तरी ती जाळणे तोट्याचेच होते. झाडाने परत घेतले नाही ते सारे त्या पानांत शिल्लक असते. तीच पाने बुंध्याभोवतीच्या आळ्यात पसरली, तर वैशाखात जमिनीची ओल टिकते आणि पावसात त्यांचे खत होते.

आता मागण्याकडे येतो. अलीकडे वयस्कर मंडळी म्हणतात की आंबा लवकर मोहोरतो, मोहाचे काही खरे राहिले नाही, अवकाळी पावसाने पालवीची वेळ चुकते. हवामान बदलत आहे हे जगभरच्या मोजमापांनी सिद्ध आहे. पण आपल्या गावात, आपल्या झाडांवर त्याचा परिणाम नेमका किती दिवसांचा, हे सांगावयाचे तर जुनी नोंद हवी. जपानमध्ये क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा इसवी सन ८१२ पासून मिळतात. त्या दरबारी आणि खासगी रोजनिश्यांतून वेचून काढलेल्या आहेत. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला आलेला बहर बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा, असे तेथील अभ्यासकांस सांगता आले. इंग्लंडात नॉरफक परगण्यातील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये झाडांना पाने केव्हा फुटतात याची टिपणे सुरू केली आणि त्याच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालविली. या माणसांकडे कोणतेही यंत्र नव्हते. वही होती आणि सातत्य होते. आपल्या देशातही सीझनवॉच या उपक्रमात शाळकरी मुले व नागरिक एकेक झाड निवडून दर आठवड्याला त्याची नोंद करीत आले आहेत.

शंभर वर्षे नोंदवह्या सांभाळण्याचा अनुभव असलेली संस्था आपल्याजवळ आहे. माझी विनंती अशी की, या शताब्दी वर्षापासून ग्रंथालयाने एक पर्णनोंदवही सुरू करावी. शहरातील आणि जवळच्या खेड्यांतील दहा झाडे निश्चित करावीत : आंबा, चिंच, मोह, सीताफळ, बोर, आवळा, जांभूळ, बेल, कवठ आणि टेंभुर्णी. प्रत्येक झाडाच्या पानावर त्याचे मराठी, तेलुगू आणि गोंडी नाव लिहावे. रकाने पाचच असावेत : पाने पिवळी पडू लागली तो दिवस, झाड सर्वांत विरळ दिसले तो दिवस, पहिली पालवी, पहिले फूल आणि पहिले पिकलेले फळ. झाड तेच, वार ठरलेला, तारीख इंग्रजी आणि शेजारी नक्षत्र. हे काम एखाद्या शाळेच्या मुलांनी करावे आणि त्यांच्यासोबत एक वृद्ध सभासद असावा. गोंडी जाणणाऱ्या आणि तेलुगू शेजाऱ्यांनाही सन्मानाने बोलवावे, कारण या झाडांविषयीचे ज्ञान तिन्ही भाषांत वाटले गेलेले आहे आणि तिन्ही भाषांतून ते हळूहळू गळत आहे. आश्रयदात्यांना मोठी देणगी मागत नाही. चांगल्या कागदाची एक जाड वही आणि ती दर वर्षी पुढे चालेल एवढी काळजी, इतकेच मागतो.

पहिल्या पाच-दहा वर्षांत या वहीतून फारसे काही निघणार नाही, हेही प्रांजळपणे सांगून ठेवतो. तिचा उपयोग तीस-चाळीस वर्षांनी होईल, तो आज येथे मागच्या बाकांवर चुळबुळ करीत बसलेल्या मुलांना. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी हे ग्रंथालय काढले, त्यांनीही ते मुख्यतः पुढच्या वाचकांसाठीच काढले होते. त्याच वृत्तीने आपण ही सूचना विचारात घ्यावी, अशी कार्यकारी मंडळास विनंती करतो.